चाकं नसलेल्या गाडीचा परवाना

हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला की माझ्या पायांची बोटं बुटात आपोआप आवळली जातात. थंडीमुळे नव्हे. थंडीशी मी दहा वर्षांत जमवून घेतलं आहे. लोकरीचे मोजे एकावर एक दोन चढवले की तिचं आणि माझं भांडण मिटतं. बोटं आवळतात ती सवयीनं. कुणीतरी मागून "पाय आत, मीनल" म्हणाल्यासारखं वाटतं आणि मी पाय आत घेते. मग मी ट्रॅममध्ये बसलेली असेन, नाहीतर घरी सोफ्यावर मटार सोलत असेन.

आज सकाळी पडदा सरकवला तर समोरच्यांची गाडी, कुंपण, कचऱ्याचे वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांचे डबे, सगळ्यांवर एकच पांढरी दुलई. आज कोणता डबा बाहेर ठेवायचा ते त्यामुळे कुणाला कळेना, आणि डबा ठेवायची पाळी असलेली माझी लेक इरा भलतीच खूश झाली. बर्फ पडलेल्या सकाळी गावाचा आवाज कमी होतो. कुत्रं भुंकतं तेही जपून भुंकल्यासारखं वाटतं.

बर्फाला वास नसतो म्हणतात. माझ्या बर्फाला आहे. पेट्रोलचा, ओल्या रबराचा, आणि थर्मासातल्या कॉफीचा. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून तो असा यायला लागला. त्या हिवाळ्यात मी, पुण्यात कर्वे रोडवर स्कूटी चालवून मोठी झालेली बाई, जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डच्या जंगलात स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटारसायकल, चालवायला शिकले. शिकले म्हणजे आधी तिची कागदपत्रं केली, मग तिच्यापायी एक बूट घालवला, आणि मग शिकले.

आमचं गाव कार्ल्सरूहेहून तासाभरावर, डोंगराच्या कुशीत. कार्ल्सरूहेत घर शोधता शोधता माझ्या नवऱ्याचे, मंदारचे, कानशिलावरचे केस पांढरे झाले, तेव्हा आम्ही हे गाव पत्करलं. इथे एक चर्च, एक बेकरी, एक बस, आणि माणसांपेक्षा जास्त फेराइन. फेराइन म्हणजे मंडळ. गाणाऱ्यांचं मंडळ, आग विझवणाऱ्यांचं मंडळ, ससे पाळणाऱ्यांचंसुद्धा मंडळ. आपल्याकडे गणपतीचे दहा दिवस जो उत्साह असतो, तो इथले लोक वर्षभर पुरवून पुरवून वापरतात. इरा स्कीच्या मंडळात गेली आणि मला कळलं की पोराला मंडळात घातलं की आईबापांनी वर्षाचे काही तास काम द्यायचं असतं. बहुतेक आया केक करतात. मी पहिल्या वर्षी रव्याचा केक केला. लोकांनी तो शिष्टाचारानं खाल्ला. दुसऱ्या वर्षी कामाच्या यादीत मी केकच्या पुढे न जाता सरळ खालच्या ओळीवर खूण केली. तिथे लिहिलं होतं: सरकारी कागदपत्रं. ती ओळ म्हणे कित्येक वर्षं रिकामीच होती.

मला काय, पुण्यात वाढलेल्या माणसाला सरकारी खिडकीची भीती वाटत नाही. खिडकी उघडी आहे आणि पलीकडे माणूस आहे, एवढ्यानंच आम्हाला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

कागदपत्रं होती योसेफकाकांच्या गाडीची. मंडळात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसालाही. जर्मनमध्ये मीही करते. पण मनातल्या मनात ते योसेफकाका आणि त्यांची बायको हिल्डाकाकू, आणि मराठीत लिहायला बसलं की हात दुसरं काही लिहीतच नाही. योसेफकाका आयुष्यभर सुतार होते. अंगानं आडवे, बोलायला कमी. दर हिवाळ्यात सकाळी स्नोमोबाइल काढायची, तिच्यामागे लोखंडी जड फळी जोडायची आणि जंगलातून साडेचार किलोमीटरची फेरी मारायची, हे त्यांचं काम. ती फळी बर्फात स्कीच्या रुंदीच्या चऱ्या दाबत जाते. त्या चऱ्यांमध्ये स्की ठेवून लोक सपाटीवर चालल्यासारखे घसरत जातात. या वाटेला लोइपे म्हणतात. शाळेची मुलं, इराची टोळी, पेन्शनीतल्या बायका, सगळं गाव हिवाळाभर तिच्यावर असतं.

आणि योसेफकाकांचे गुडघे पार गेले होते. बेकरीच्या दोन पायऱ्या ते एका बाजूनं, खेकड्यासारखे चढायचे. डॉक्टर चार वर्षांपासून ऑपरेशन करा म्हणत होते. पण गुडघा बदलायचा म्हणजे तो हिवाळा घरात, आणि योसेफकाका घरात म्हणजे लोइपे बंद. आता एक हिवाळा बंद राहिली तर काय बिघडलं, असं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले होते. हिल्डाकाकूंनी मला समजावून सांगितलं. जंगल संरक्षित आहे. तिथे मोटारीचं वाहन न्यायची नवी परवानगी आता कुणाला मिळत नाही. आमच्या लोइपेला आहे, कारण ती खंड न पडता चालत आलीये. एक हिवाळा चुकला की परवानगी गेली, आणि गेली की गेलीच. गावातले तरणेताठे सकाळी सातला कामावर पळतात. मागे उरतात योसेफकाका.

"म्हणून तो गुडघे घासतोय," हिल्डाकाकू म्हणाल्या. "लाकूड घासल्यासारखे. आता घासायलाही काही उरलं नाही."

त्या ऑक्टोबरात जुनी गाडी बंद पडली ती पडलीच. मंडळानं दूरच्या कुठल्याशा बंद झालेल्या स्की-लिफ्टवाल्यांकडून दुसरी आणली, पिवळी, एका बाजूला खरचटलेली. नवी गाडी आली म्हणजे नवे कागद आले. म्हणून नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी आणि योसेफकाका टर्मीन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन बसलो. जर्मनीत टर्मीन असल्याशिवाय माणूस दारात दिसतसुद्धा नाही.

टेबलापलीकडे एक तरुण, नीटनेटका, खूप सज्जन मुलगा होता. त्यानं फॉर्म उघडला.

"चाकं किती?"

"एकही नाही," मी म्हणाले. "पुढे दोन स्की आहेत आणि मागे रबरी पट्टा आहे."

त्यानं शून्य टाकलं. संगणकानं लाल चौकट दाखवली. त्यानं पुन्हा शून्य टाकलं. पुन्हा लाल चौकट.

मला आतून उकळ्या फुटायला लागल्या, कारण पोटासाठी मी हेच करते. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. कुणीतरी मन लावून बनवलेल्या फॉर्ममध्ये शून्य टाकायचं, तो कसा कोलमडतो ते पाहायचं आणि बनवणाऱ्याला नम्रपणे कळवायचं, याचा मला पगार मिळतो. इथे तो आनंद बसल्याजागी मिळत होता.

"दोन टाकून बघता का?" मी विचारलं. आपल्याकडे हे सहज झालं असतं.

त्या मुलाचा चेहरा उतरला. "पण ते खरं नाही ना," तो म्हणाला.

मी ओशाळले. तो उठून शेजारच्या खोलीत गेला, तिथून आणखी पुढच्या खोलीत गेला, आणि बऱ्याच वेळानं एक जाडजूड फाइल आणि एक वयस्कर बाई घेऊन आला. बाईंनी शांतपणे सगळं उलगडलं. ही मोटारसारखी नोंदवायची वस्तूच नव्हे. लोइपे एके ठिकाणी गावचा रस्ता ओलांडते, त्या एका जागेपुरती खास सवलत घ्यायची, विम्याचा कागद जोडायचा, आणि जंगलातल्या वाटेसाठी वरच्या मजल्यावर निसर्ग खात्याकडे जायचं. "आल्झो, म्हणजे बघा," त्या म्हणाल्या, "अवघड काहीच नाही. फक्त सगळं वेगवेगळ्या मजल्यांवर आहे."

वरच्या मजल्यावरच्या कागदात अटी होत्या. ठरलेली वाट सोडायची नाही. जमिनीला इजा होणार नाही एवढा बर्फ असला तरच निघायचं. सूर्य उगवायच्या आत आणि मावळल्यावर गाडी काढायची नाही, कारण त्या हरणांच्या चरायच्या वेळा. हे वाचून मला त्या कागदाबद्दल एकदम प्रेम वाटलं. हरणांच्या जेवणाच्या वेळा सांभाळणारा सरकारी कागद मी तोवर पाहिला नव्हता. आणि सगळ्यात खाली एक ओळ: जबाबदार चालकाचं नाव. त्या चालकानं वनखात्याच्या माणसासमोर एकदा पूर्ण फेरी मारून दाखवायची, डिसेंबर संपायच्या आत.

पेन माझ्या हातात होतं. योसेफकाका अजून जिन्यात होते. कठड्याला धरून, दर पायरीला थांबून ते वर येत होते, आणि प्रत्येक पायरीला नाकातून एक बारीक आवाज करत होते. तो आवाज मी ऐकत राहिले. मग त्या ओळीवर मी माझं नाव लिहिलं.

हे धाडस होतं असं मला आजही वाटत नाही. दुसरं काही लिहिणं मला जमलं नाही, इतकंच.

खाली येईपर्यंत योसेफकाकांनी ती ओळ वाचली होती. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तुला चालवता येतं?"

"पुण्यात वीस वर्षं दुचाकी चालवली," मी म्हणाले. "पुण्यात."

त्यांना त्याचा अर्थ कळला नाही, आणि मीही खोलात गेले नाही.

पुण्यातली दुचाकी ही माझ्या अंगात इतकी मुरलेली आहे की मला तिचं वेगळं भान नसतं. तोंडाला डोळ्यांपर्यंत घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे, पुढे पिशवीत कोथिंबीर. हेल्मेट असेलच तर ते कोपरात. आणि पाय. सिग्नलला पाय खाली, खड्डा आला पाय खाली, समोर रिक्षा वळली पाय खाली, आणि कॅम्पात गर्दी असली तर दोन्ही पाय खाली ठेवून गाडी चालवत नाही, चालतच नेतात. लायसन्सच्या परीक्षेला आठाचा आकडा काढताना मात्र पाय टेकला की नापास. त्या एका दिवसापुरते सगळ्या पुण्याचे पाय वर असतात. परीक्षा झाली की पाय पुन्हा खाली येतात ते कायमचे.

नोव्हेंबर संपता संपता बर्फ आला आणि गावाबाहेरच्या कुरणावर माझी शिकवणी सुरू झाली. मी पुण्याच्या सवयीनं स्कार्फ गुंडाळून गेले. योसेफकाकांनी स्कार्फाचं लोंबतं टोक दोन बोटांत धरलं, मागच्या रबरी पट्ट्याकडे बोट दाखवलं आणि टोक पट्ट्याकडे नेऊन गोल गोल फिरवलं. मी निमूट स्कार्फ काढला. मग हेल्मेट, तेही कोपरात नव्हे. मग एक लाल दोरी आली, तिचं एक टोक गाडीला आणि दुसरं माझ्या जॅकेटला. मी पडले की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. उजव्या अंगठ्याखाली वेग, डाव्या हातात ब्रेक. निघायच्या आधी घरी एका माणसाला सांगायचं, आणि परत आलं की त्याच माणसाला सांगायचं. योसेफकाका चाळीस वर्षं हिल्डाकाकूंना सांगत आले. सव्वा तासात "आलो" ऐकू आलं नाही, तर काकूंनी शेजाऱ्याला उठवायचं असा त्यांचा करार. तो करार एकदाही वापरावा लागला नव्हता.

सपाटीवर मी झकास चालवली. अंगठा दाबला की गाडी गुरगुरत पुढे सरकायची. इरा कुंपणावर बसून "मामा, श्नेलर" म्हणत होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तरं जर्मनमधून येतात. मामा म्हणजे मी, आई; अजून जोरात, असं तिचं म्हणणं. मग योसेफकाकांनी मला कुरणाच्या कडेच्या उतारावर पाठवलं, आडवं जायला. वेग कमी झाला, गाडी किंचित डावीकडे कलली, आणि माझ्या डाव्या पायानं वीस वर्षं जे केलं तेच केलं.

पाय बर्फात मांडीपर्यंत गेला. गाडी पुढे चालली होती. काहीतरी ओढलं गेलं, मी आडवी झाले, दोरी सुटली, इंजिन बंद पडलं. सगळं एका श्वासात झालं. उठून पाहिलं तर माझा पाय जागेवर होता, पण नुसत्या मोज्यात. बूट बर्फाच्या आत कुठेतरी राहिला. तो आम्हाला मार्चमध्ये सापडला, आत एक कोळी राहायला आलेला.

मला हसू येत होतं. योसेफकाकांकडे पाहिलं आणि ते थांबलं. ते पांढरेफटक पडले होते. त्या गुडघ्यांनी ते बर्फातून माझ्याकडे धावत आले होते, खरोखर धावत, आणि आता उभं राहता येत नव्हतं म्हणून गाडीला धरून उभे होते.

"पट्टा पाय आत घेतो," ते म्हणाले. "एकदा घेतला की सोडत नाही."

त्यानंतर त्यांनी मला आणखी तीन वेळा संधी दिली. तीनही वेळा उतारावर माझा पाय बाहेर आला. मी ठरवत होते, मनाशी घोकत होते, "पाय आत, मीनल" हे ते मागून ओरडत होते, तरी पाय बाहेर. माझ्याच पायावर माझा हक्क उरला नव्हता. चौथ्या दिवशी योसेफकाकांनी किल्ली काढून खिशात टाकली. चिडले नव्हते, ते एक वेळ बरं वाटलं असतं.

"मी दवाखान्याला फोन करतो," ते म्हणाले. "जानेवारीची तारीख मिळाली होती, ती रद्द करतो. पुढच्या वर्षी बघू. फॉर्मवर माझं नाव टाक."

घरी येऊन मी रडले. स्पष्टच सांगते, बुटासाठी नाही आणि मान गेला म्हणूनही नाही. जिन्यातला तो बारीक आवाज आणखी एक वर्ष चालू राहणार होता आणि त्याला आता माझे पाय कारण होते. त्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी मला ताटावर बसवलं. गरम वरणभात वाढला, वर तूप सोडलं, आणि समोर बसून राहिल्या. मी सगळं सांगितलं.

"अहो आई, सवय आहे हो ती. कशी मोडणार महिन्याभरात?"

"मोडू नकोस," त्या म्हणाल्या. "पायाला दुसरं काम दे. माझ्या हाताला नखं खायची सवय होती. आईनं वाती वळायला बसवलं. हाताला वेळच मिळेना."

तेव्हा मला ते नुसतं सासूबाईंचं समजुतीचं बोलणं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निदान झाल्या प्रकाराबद्दल सॉरी म्हणावं म्हणून मी काका-काकूंकडे गेले. योसेफकाका बाहेर लाकडं रचत होते. हिल्डाकाकूंनी कॉफी ओतली. मी त्यांना पायाचं सांगितलं, वरणभाताचं वगळून सासूबाईंचं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मध्येच त्यांचा कप हवेत थांबला.

"तू बसून चालवतेस?" त्यांनी विचारलं.

"हो. योसेफ बसूनच चालवतात ना."

त्या उठल्या, खिडकी उघडली आणि बाहेर हाक मारली. "योसेफ, तू उतारावर उभा राहायचास. गुडघे जायच्या आधी तू नेहमी उभा राहायचास."

योसेफकाका हातात लाकूड घेऊन तसेच थांबले. मग त्यांनी लाकूड खाली ठेवलं.

साधी गोष्ट होती. उतारावर आडवं जाताना गाडीवर उभं राहायचं असतं, गुडघे वाकवून, सगळा भार वरच्या अंगाला झुकवून. पण त्यांचे गुडघे वाकेनासे झाले, तेव्हापासून ते बसून, नुसत्या खांद्यांच्या जोरावर गाडी सांभाळत होते. इतकी वर्षं झाली की आपण पूर्वी वेगळं चालवायचो हे ते विसरून गेले. आणि मला त्यांनी शिकवलं ते सुतारानं शिकाऊ पोराला शिकवावं तसं, स्वतः करतात अगदी तसं, दुखण्यासकट.

दुपारी आम्ही पुन्हा कुरणावर होतो. मी उतार आला की उभी राहिले. दोन्ही पायांवर भार, दोन्ही गुडघे वाकलेले, अंग डोंगराकडे. गाडी कलली. डाव्या पायाला बाहेर जायचं होतं, मला कळत होतं, पण तो उचलला तर मी पडले असते आणि हे त्यालाही कळत होतं. पायाला काम मिळालं होतं. मी उतार ओलांडून पलीकडे गेले, वळले, परत आले, पुन्हा गेले. सहाव्या फेरीनंतर योसेफकाकांनी हात वर केला. "गेनाऊ," ते म्हणाले. बरोबर, असंच. त्यांच्या तोंडी हा एक शब्द म्हणजे आपल्याकडचा हार, नारळ आणि शाल.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी गाडीची पूजा केली. मुहूर्त त्यांनी फोनवर पुण्याहून काढून घेतला. स्वस्तिक इथे काढायचं नाही हे मंदारनं त्यांना विमानतळावरच समजावलं होतं, म्हणून त्यांनी पिवळ्या बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं उठवली. अडचण लिंबाची झाली. लिंबू चाकाखाली ठेवायचं, आणि इथे चाकच नाही. जिल्ह्याच्या कचेरीला पडलेला प्रश्न सासूबाईंनाही पडला, पण त्यांनी दोन सेकंदांत सोडवला. "स्कीखाली ठेव ग, लिंबाला काय कळतंय." योसेफकाका टोपी काढून हे सगळं बघत होते. मला वाटलं, आता काय काय समजावून सांगावं लागेल. ते म्हणाले, गावातल्या बंबाच्या गाडीवर पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं होतं, ती बावीस वर्षं एकदाही बंद पडलेली नाही. मग प्रसादाचा शिरा त्यांनी दोनदा मागून घेतला. तोच रवा, पण केकपेक्षा पुष्कळ चालला.

वनखात्याकडून आली ती एक उंच, हसतमुख बाई, बरोबर तिचा तपकिरी कुत्रा. ती स्कीवर माझ्या मागून येणार होती. मी इराला सांगून निघाले. मी "जाते" म्हणाले, तशी सासूबाईंनी आतून "येते म्हण" असं दुरुस्त केलं. इरानं घड्याळ पाहिलं आणि गंभीरपणे "ओके" म्हणाली. सव्वा तासाचा करार आता तिच्याकडे होता.

जंगलात शिरल्यावर इंजिनाचा आवाज मऊ होतो, झाडं तो पिऊन टाकतात. फांद्यांवरचा बर्फ मधूनच धपकन पडतो आणि बराच वेळ हवेत भुकटी तरंगत राहते. उतार आले, मी उभी राहिले. उतार गेले, मी बसले. सगळं ठीक चाललं होतं आणि मग तो रस्ता आला, ज्याच्यासाठी इतके मजले चढलो होतो. तिथे थांबायचं. थांबायचं म्हणजे बसून, वेग कमी करत, किंचित उतारावर. एका मोटारवाल्यानं मला पाहून वेग कमी केला, तेवढ्यात माझी गाडी जराशी डावीकडे झुकली. माझ्या डाव्या बुटात बोटं आवळली गेली. मी ती तशीच आवळून धरली, जणू बुटाच्या तळाशी काहीतरी पकडून ठेवलंय. पाय गाडीवरच राहिला. मोटार निघून गेली. मी दोन्हीकडे पाहिलं, माझ्या गाडीवरचा पिवळा दिवा चालू आहे ना ते पाहिलं, आणि रस्ता ओलांडला.

फेरी संपल्यावर त्या बाईनं स्कीवर उभ्या उभ्याच कागदावर सही केली. कुत्र्यानं बॉनेटवरचं कुंकू हुंगलं. "उतारावर उभी राहतेस, छान," ती म्हणाली. "हल्ली फार थोडे लोक राहतात." मला तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, आपण जर्मनीत आहोत. पण गाडी मंडळाच्या झोपडीत लावल्यावर हिल्डाकाकूंना मारली, आणि त्यांनी माझी पाठ जोरजोरात थोपटली, घोड्याची थोपटतात तशी.

जानेवारीत योसेफकाका दवाखान्यात गेले. जाताना त्यांनी मला बाकी काही सांगितलं नाही, फक्त तिसऱ्या वळणावर ओढ्याकाठी बर्फ पातळ असतो, तिथे सावकाश, एवढं. तो सगळा हिवाळा मी आठवड्यातले चार दिवस घरून काम केलं आणि साडेनऊच्या मीटिंगला हेल्मेटनं चपटे झालेले केस घेऊन बसले. ऑफिसात कुणीतरी विचारलं, सकाळी जिमला जातेस का. मी हो म्हणाले. सगळं सांगायचं तर शून्य चाकांपासून सुरुवात करावी लागली असती.

एका गुडघ्यानंतर गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर दुसरा झाला. काठी टेकत ते लोइपेच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे आणि काठीनं माझ्या चरीतल्या चुका दाखवायचे. इथे खोल झाली. इथे तुटली. या वळणावर तुझं लक्ष दुसरीकडे होतं. ते खरंच दुसरीकडे असायचं, एकदा तर मी भाजीचा विचार करत होते. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, काका, बघू नका ना एवढं वाकून.

आज सकाळी इराला सांगून मी फेरी मारली आणि परत येऊन गाडी झोपडीत लावत होते, तेव्हा ती दोघं आली. दोघांच्याही खांद्यावर स्की. डॉक्टरांनी सपाटीवर, हळू, अशी परवानगी दिली आहे. हिल्डाकाकूंनी सांगितलं, चाळीस वर्षं त्या या वाटेवरून एकट्याच गेल्या. ते पुढे वाट काढत जायचे, आणि त्या निघायच्या तेव्हा ते झोपडीत गाडी पुसत असायचे. बरोबर जाणं कधी झालंच नव्हतं.

योसेफकाकांनी स्की चढवली, डावीकडच्या चऱ्यांमध्ये ठेवली. काकूंनी उजवीकडच्या चऱ्यांमध्ये. मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले, कारण आता ते खाली बघणार आणि काहीतरी सापडणार हे मला माहीत होतं. पहिल्या वळणावर माझी चरी हलली होती, हे तर मला मागे वळून बघायच्या आधीच कळलं होतं.

ते निघाले. काकूंना बेकरीवाल्याबद्दल काहीतरी सांगत होते, कुणाचा तरी ब्रेड करपल्याचं. काकू हसल्या. दोघं वळणावर पोचले, आणि जिथे चरी हलली होती तिथून योसेफकाका बोलत बोलतच पुढे गेले.